आधी पिळा, मग वाळवा

लोहखनिज वाळवताना इंधन वाचवायचे म्हटले की चर्चा बर्नरवरच अडते. खरी बचत आधीच्या गाळणीत आहे. एक टन ओल्या चुऱ्यातला ओलावा १२ वरून ९ टक्क्यांवर आणायला सुमारे ३३ किलो पाणी काढावे लागते. त्याची वाफ करायची तर किमान २० युनिट उष्णता जाते. प्रेशर फिल्टर, म्हणजे कापडातून दाबाने पाणी पिळून काढणारे यंत्र, तेच काम त्याच्या अंशभर ऊर्जेत करतो. मात्र चिकणमातीने कापडाची छिद्रे बुजली की खनिजाचा थर ओलाच सुटतो, आणि बोल लागतो ड्रायरला! फिरत्या ड्रायरच्या आतल्या पट्ट्या झिजल्या, तर खनिज गरम हवेतून पडद्यासारखे न पडता तळाशी लोळते. पेलेट प्रकल्पात, म्हणजे चुऱ्याच्या गोळ्या करून भाजतात तिथे, भाजलेल्या गोळ्या थंड करणाऱ्या कूलरची गरम हवा वाळवणीकडे जरूर वळवावी, पण एकदम तापवल्यास आतली वाफ ओल्या गोळ्या फोडते.

– एक वाचक