ईशानला, दुकानातून

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

दुकानात बसून लिहितोय, जुन्या बिलबुकाच्या कोऱ्या बाजूवर. दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या धंद्याला मंदच असतात, जूनसारखी झुंबड नसते. घरी बोलायला गेलो की आवाज चढतो, आधी माझा, मग तुझा, आणि मधे आजी हातात वाटी धरून उभी राहते. म्हणून पत्र. अभ्यासाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, हे आधीच कबूल करतो.

मंगळवारी रात्री मी मार्कांवरून, क्लासच्या फीवरून जे काही बोललो, ते निमित्त होतं. मार्क कमी आहेत हे खरंच, पण मी त्यासाठी चिडलो नव्हतो. संध्याकाळी तुला झेड ब्रिजवर बघितलं होतं.

थांब, लगेच कागद चुरगळू नकोस. तू आणि सायली तिथं उभे होतात याचं मला काही नाही. वीस वर्षं त्या पुलावरून स्कूटर नेतोय. कठड्याला गाड्या लावून, नदीकडं तोंड करून जोड्या बसलेल्या असतात आणि मला नेहमी वाटतं, बसू देत बिचारी. या पुण्यात जायचं तरी कुठं? टेकडीवर निम्मी सोसायटी फिरायला आलेली, आणि सारसबागेत हमखास एखादी मावशी भेटणार.

पुढं गाड्या तुंबल्या म्हणून मी तुमच्यापासून चार हातांवर थांबलो. डोक्यावर हेल्मेट होतं, तू ओळखलं नाहीस. तू काही न बोलता हात पुढं केलास, नुसता तळवा. तिनं फोन काढला, लॉक उघडलं आणि तुझ्या तळव्यावर ठेवला. तू अंगठ्यानं सरकवत वाचत होतास आणि ती सॅकच्या चेनशी चाळा करत होती. उघड, बंद, उघड, बंद. बाई वही तपासत असताना पोरं टेबलापाशी उभी राहतात ना, तशी उभी होती. मागच्यानं हॉर्न मारला, मी निघालो.

"कशाला?" असंसुद्धा विचारलं नाही रे तिनं. सवय झाल्यासारखा दिला. ते काही डोक्यातून जात नाही.

भांडणाच्या शेवटी मी ते बोललोच, आणि तू म्हणालास, "मला काळजी वाटते म्हणून बघतो. आणि तू माझा फोन बघतोस ते?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन दिवस शोधतोय, अजून नाही. क्लास लागल्यापासून तुझं लोकेशन माझ्या फोनवर आहे. तू नळ स्टॉपला वीस मिनिटं थांबलास की दुकानात मला कळतं, आणि गिऱ्हाईक समोर असतानाही मी ते बघत बसतो. मीही त्याला काळजीच म्हणत होतो. आज सकाळी बंद केलंय. तुझ्या फोनवर दिसेल, खात्री करून घे.

आपल्या घरात हा शब्द फार वापरला गेलाय. तुला अण्णा लिमलेटच्या गोळ्या देणारे आजोबा म्हणून आठवतात, आणि ते तसे होतेही. पण आजी मंडईत गेली की ते वाड्याच्या सज्जात घड्याळ घेऊन उभे राहायचे. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ती पिशवी खाली ठेवायच्या आत एवढंच विचारायचे, "पाऊण तास कसा लागला?" मग ती सगळा हिशोब द्यायची, कुठल्या गाळ्यावर गर्दी होती, कोण भेटलं, काय बोललं. आधी तिचं भजनी मंडळ सुटलं, मग भिशी, मग कुसुममावशीकडं जाणं. जाऊ नकोस असं तिला कुणीच म्हणालं नव्हतं. येऊन उत्तरं देत बसण्यापेक्षा न गेलेलं बरं, एवढंच.

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. अजूनही आजी दूध आणायला खाली जाताना दारात थांबते आणि म्हणते, "दहा मिनिटांत आले हं." एकदा नीट ऐक. आपण दोघं मान वर करून बघतही नाही. ती कुणाला सांगते?

मी असा होणार नाही, हे मी तुझ्याएवढा असताना ठरवलं होतं. मग 2004 मध्ये लग्न झालं. आई तेव्हा कर्वे रोडच्या लॅबमध्ये होती, सहाला सुटायची. सहा वाजून पाच मिनिटांनी मी इथून फोन करायचो. उचलला नाही तर परत. एकदा नऊ वेळा केला होता. ती बसमध्ये उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या. त्या रात्री तिनं फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला, "घे, बघ" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघून गेली. आठ दिवसांनी मी आणायला गेलो तेव्हा तुझे साताऱ्याचे आजोबा जे बोलले ते इथं लिहीत नाही. नंदूकाकाचं तर तुला माहीतच आहे, तो विषय नको.

म्हणून त्या दिवशी पुलावर मला तू दिसलाच नाहीस. तुझी आई दिसली, चेनशी खेळत.

आता थोडं दुकानदाराचं ऐक. 1 जुलै 2024 ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आपली जुन्या कायद्याच्या पुस्तकांची थप्पी रद्दीत गेली, आठवतंय ना, तूच दोरी बांधून दिली होतीस. नवीन प्रती आल्या तेव्हा रिकाम्या वेळात मी चाळल्या. जुन्यातलं पाठलागाचं कलम, 2013 साली आलेलं 354 डी, आता कलम 78 झालंय. मुलीनं नको म्हटल्यावरही मागं लागणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं, एवढंच त्यात नाही. ती इंटरनेटवर, ईमेलवर काय करते त्यावर पाळत ठेवणं हेही त्यात आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि तुम्ही दोघंही सतराचे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, 2012 चा आहे, आणि अठरा पूर्ण नसलेल्यानं दिलेली संमती तो कायदा संमती धरत नाही, दोघांची कितीही मर्जी असो. तसले फोटो मागणं, ठेवणं, पुढं पाठवणं तर नाहीच नाही, त्याला आयटी कायद्याचं 67 बी आहे. (ही तीन वाक्यं लिहायला मला तीन कागद लागले. यावर घरी बोलायचं नाही, दोघांनीही.)

बघ, भाषण देणार नव्हतो आणि कलमं काढून बसलो. माफ कर. तू गुन्हेगार आहेस असं मला म्हणायचं नाही. उलट तुझ्याइतका मैत्री जाणणारा मुलगा मी पाहिलेला नाही, हे तुला कधी सांगितलं नाही ही माझी चूक. दहावीत अथर्वचं गणित राहिलं तेव्हा तू पूर्ण जून रोज त्याच्याकडं जात होतास. घरी म्हणायचास, क्रिकेटला चाललोय. फेरपरीक्षेत तो सुटला तेव्हा त्याच्या आईनं दुकानात येऊन पेढे दिले आणि मला तिच्याकडून कळलं. ती गेल्यावर मी आत गोडाउनमध्ये जाऊन डोळे पुसले. धूळ असते तिथं.

त्याच अथर्वशी तू अकरावीत चार महिने बोलत नव्हतास. त्या चार महिन्यांत तो कुणाबरोबर हिंडला, तू विचारलंस? कधी त्याचा फोन मागितलास? परत भेटलात तेव्हा कट्ट्यावर अर्धा-अर्धा कटिंग मारलात आणि विषय संपला. तुला येतं रे हे सगळं. सायलीच्या बाबतीतच का येत नाही, एवढं मला कळत नाही. आणि अथर्व म्हणतो, जुलैपासून तू रविवारी तळजाईला आलेला नाहीस. तिचाही ग्रुप सुटला असेल, नाही का? (तो काल वही घ्यायला आला होता. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. बरं, मीच विचारलं.)

तू आणखी एक बोललास, "ती गेली तर मी काही राहत नाही." आजीनं ते ऐकलं नसावं. मी ऐकलं. त्या रात्री तीन वेळा उठून तुझ्या खोलीचं दार ढकलून बघितलं. रागात बोललास असं मी धरून चाललोय, पण तसं नसेल तर रात्री दोन वाजता उठव, मी एक शब्द न बोलता शेजारी बसेन. मला सांगता येत नसेल तर ताईला फोन कर, नाहीतर 14416 वर कर. टेली मानस आहे ते, सरकारचं, फुकट, रात्री-अपरात्रीही, आणि मराठीत बोलतात. नंबर तुझ्या पाकिटातल्या बसपासच्या मागं लिहून ठेवलाय. आणि हेच वाक्य तू तिलाही ऐकवलं असशील तर ते परत घे. सतरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात एवढं ओझं बांधायचं नसतं. तिला जायचं असेल तर जाऊ दे. राहायचं असेल तर लॉक लावलेल्या फोनसकट राहू दे.

परत भाषण. पुरे.

शनिवारी दुकान आठला बंद करतो. तू आलास तर शटर ओढायला मदत होईल, डावीकडचं अडकतंय. बोलायचं नसेल तर नको बोलूस. एकेक मस्तानी खाऊन घरी जाऊ. आईला सांगू नकोस, तिनं माझी साखर तपासून घेतलीय. डब्यात आज गवार आहे, परत आणू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. त्या दिवशी तिच्या फोनमध्ये तुला काय सापडलं, ते मी विचारत नाही. काही सापडलं नसणार. नऊ वेळा फोन करून मलाही कधी काही सापडलं नव्हतं, आणि तरी दहाव्यांदा लावावासा वाटायचा.