अण्णांच्या तबकड्या

बेळगाव, रविवार

शऱ्या,

आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर ताब्यात. परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माळ्यावरच्या तबकड्या बघायला गोव्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. उकिडवं बसून त्यानं एकेक एलपी कव्हरातून काढली, उजेडात तिरकी धरून चरे बघितले आणि कुमार गंधर्वांच्या एका एलपीला असा आकडा बोलला की बाबू चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकला. मग मी सीड्यांचं खोकं पुढं केलं. त्यानं झाकणही उघडलं नाही. "ह्या आता कोण घेतोय? रद्दीत घाला."

खडेबाजारात यावरूनच भांडलो होतो आपण! सीडी घासत नाही, खरखरत नाही, तबकड्या विकून टाक म्हणालास. स्वच्छ आवाजाचं तुझं खरंच होतं. बाजारानं मात्र तुला तोंडघशी पाडलं बघ. अमेरिकेत २०२० साली एलपींची कमाई सीडींच्या पुढं गेली. २०२२ मध्ये नगांतही, चार कोटींच्या वर एलपी आणि साडेतीन कोटींच्या आत सीड्या.

कारण कळतं मला. सीडीवर नुसते आकडे. घरच्या कॉम्प्युटरवर काही मिनिटांत तंतोतंत दुसरी निघते, मग पहिलीला भाव कुठला? पैसे देऊन डाउनलोड केलेली गाणी तर पुढं विकताही येत नाहीत. एलपी एकेक करून तापलेल्या प्रेसमध्ये दाबावी लागते, साचा हजारभर नगांत झिजतो. साच्यासाठी लागणारी लॅकरची चकती करणारे जगात दोनच कारखाने होते. त्यातला कॅलिफोर्नियातला फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला.

पण पुढचं ऐक. "तबकडी वाजवायचं मशीन कुठलं आहे तुमच्याकडं?" विचारलं, तर म्हणाला मशीन नाही, हॉटेलच्या भिंतीला फ्रेम करून लावणार. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमारांचं गाणं, आणि ते भिंतीला! वर एका कव्हरावर निळ्या शाईत अण्णांचं नाव बघून म्हणतो, "हे नसतं तर जास्ती दिले असते." माझं डोकंच सटकलं. हात धुतल्याशिवाय अण्णा तबकडीला शिवू द्यायचे नाहीत. कडेला दोन्ही तळवे लावूनच धरायची. कलकत्त्याच्या कारखान्याचं 'डमडम' छापलेलं ते लेबल फिरताना डोळे लावून बसायचो आपण.

त्यातल्या निम्म्या अण्णांच्या, म्हणजे तुझ्या. पावसाआधी पत्रे बदलायचेत, पैसे हवेतच. तरी भिंतीला द्यायला मन धजत नाही. टिळकवाडीतला गाणं शिकणारा एक पोरगा मागतोय. मशीन आहे त्याच्याकडं, पैसे निम्मेच देईल. माझा कल त्याच्याकडं. तू नको म्हणालास तर थांबतो. गोव्याचा माणूस गुरुवारी फोन करणार आहे, त्याआधी कळव.

चिंगीच्या दहावीचं कळलं, शाबास म्हण तिला. फ्लॅटचा ताबा मिळाला काय? वहिनींना नमस्कार. कुंदा पाठवतोय, एकटाच खाऊ नकोस.

तुझा,
बाळू