फोटो काढून झाला असेल तर आता पगाराचं बोला: हवाईतल्या हिलोहून एक खुलं पत्र

माननीय साहेब,

सप्रेम अलोहा.

तुमचं नाव आणि खातं मुद्दाम लिहीत नाही, ज्याला लागायचं त्याला लागेलच. इंग्रजीत पाठवलेल्या प्रत्येक मेलला "आपला संदेश मिळाला" असं मशीनचं उत्तर आलं, म्हणून हे मराठीत लिहितेय. मशीनला काय, सगळ्या भाषा सारख्याच, आणि निदान माझ्या माणसांना तरी कळेल की पोस्टकार्डावरच्या हवाईत नेमकं काय चाललंय.

गेल्या शुक्रवारी मुलीच्या दप्तरातून शाळेचं पत्र आलं. बागशिक्षकाचं पद पुढच्या सत्रापासून निधीअभावी बंद. आणि त्याच्याच खाली, त्याच दमात, "बाग मात्र समाजाच्या सहकार्याने पूर्वीप्रमाणे सुरू राहील." पूर्वीप्रमाणे! ज्याच्या जिवावर बाग चालते तो माणूस काढून टाकायचा आणि बाग पूर्वीप्रमाणे चालणार, हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात एक कुंडी तरी सांभाळलीय का?

साहेब, तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगते. बागेतला कालो, म्हणजे इथला अळू, काढायच्या दिवशी तुम्ही आला होतात. तुमचे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून तुमच्या माणसाने वाफ्याच्या कडेने पुठ्ठे अंथरले होते. मुलांनी गळ्यात लेई घातली, तुम्ही एक कालो मुळासकट हातात धरलात, कॅमेऱ्याकडे बघितलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, हे पद कायम होईल आणि हात आणि भाजी धुवायला काउंटीच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, पाण्याची लाइन येईल. टाळ्या आम्हीच वाजवल्या. लाइन अजून आलेली नाही. वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात मुलं घरून बाटलीत पाणी आणून पालकाची भाजी धुतात.

इथल्या मराठी वाचकांसाठी सांगते, कालो म्हणजे आपला अळू. तीच जात. मी सिंधुदुर्गातली, आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आपोआप माजायचा, त्याला कुणी शिकवणी लावत नसे. इथे तो देवाच्या घरातला आहे. वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं बाळ मेलेलं जन्मलं, ते मातीत पुरलं आणि तिथून कालो उगवला, मग दुसरं बाळ झालं तो माणूस, हालोआ. म्हणजे कालो हा हवाईयन माणसाचा थोरला भाऊ. ही गोष्ट माझ्या मुलीला पुस्तकातून नाही कळली, गुडघाभर चिखलात उभं राहून हुली लावताना बागेच्या अंकलनी, म्हणजे त्याच बागशिक्षकांनी, सांगितली (इथेही मोठ्या माणसाला अंकल-आंटीच म्हणतात). हुली म्हणजे कंदाचा वरचा काप आणि त्याला ठेवलेला वीतभर देठ, तोच परत मातीत जातो. त्या एका देठावर अंकल मुलांना अपूर्णांक शिकवतात, पाणी वरून खाली कसं वाहतं ते शिकवतात, डोंगरापासून समुद्रापर्यंतचा पट्टा म्हणजे अहुपुआआ कसा एकत्र चालायचा ते शिकवतात. तयार व्हायला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. तुमचं सत्र त्याच्या आधी संपतं, म्हणून सुट्टीतही कुणीतरी यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे अंकल. आता तेच नसणार.

समाजाचं सहकार्य हवंय ना, मग ते कसं असतं ते ऐका. हिलोच्या बाजूला रॅट लंगवर्म नावाचा जंत आहे. गोगलगायीतून, त्यातही बिनकवचाच्या बारक्या गोगलगायीतून पसरतो, पानाच्या बेचक्यात नखाएवढं पिल्लू राहिलं आणि ते सॅलडबरोबर पोटात गेलं तर मेंदूपर्यंत जातो, माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक पान उलटून, उजेडात धरून बघतो. गोगलगाय दिसली की चॉपस्टिकने उचलून मिठाच्या पाण्यात, हात लावायचा नाही. आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यातही त्या पडू शकतात म्हणूनच नळाचं पाणी मागितलं होतं, हौस म्हणून नाही. मग लिटल फायर अँट, म्हणजे चावऱ्या बारक्या मुंग्या. आईस्क्रीमच्या काडीला पीनट बटर लावून ठिकठिकाणी ठेवायचं, तासाभराने पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजायचं. माझ्या फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पाकिटाशेजारी मुंग्या असतात. नवरा आता विचारतही नाही. मानेवर चट्टे उठलेले असतात, ऑफिसात कुणी विचारलं की मी पुरळ म्हणून सांगते, कारण खरं सांगितलं तर लोक खुर्ची लांब घेतात. माझे गुडघे गेलेत, पहिली माझी आणि मग माझ्या नवऱ्याची रजा संपली, माती मी माझ्या पैशाने आणली, हातमोजे मी आणले, आणि शनिवारी सकाळी झोपायचं असतं हे मी विसरूनच गेलेय. आई फोनवर म्हणते, शेतातून सुटायला तुला शिकवली आणि तू अमेरिकेत जाऊन चिखल तुडवतेयस. तिला काय उत्तर देऊ?

आणि मी एकटी नाही. कुणाचा भाऊ ट्रक घेऊन येतो, कुणाची आजी म्हणजे कुपुना खुर्ची टाकून बसते आणि कोणती जात कोणती ते पानाच्या देठावरून सांगते. एकेकाळी इथे कालोच्या तीनशेच्या आसपास जाती होत्या म्हणतात, आता त्यातल्या फार थोड्या उरल्यात. एका घरून दर खेपेला सगळ्यांसाठी भात आणि स्टू. समाज तर आधीपासून देतोच आहे हो. पण मंगळवारी सकाळी दहा वाजता पंचवीस पोरांना हातात कोयते-खुरपी देऊन उभं करायला समाज येऊ शकत नाही, कारण समाज त्या वेळी हॉटेलात खोल्या साफ करत असतो. इथे भाडं भरायला लोक दोन दोन नोकऱ्या करतात हे तुम्हाला माहीत असणार, तुमच्याच ऑफिसातले शिपाई-कारकून करत असतील. लोक येतात ते रोज तिथे असलेल्या एका पगारी माणसाच्या भरवशावर. फॉर्म कोण भरून घेणार, स्वयंसेवकांची तपासणी कोण करणार, वर्गाचं वेळापत्रक कोण जुळवणार? तो माणूस काढला की पहिला महिना उत्साह, दुसरा महिना व्हॉट्सअॅपवर चर्चा, तिसऱ्या महिन्यात कंबरभर गवत.

हा खेळ मला नवीन नाही. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंडी आणि साखरेचा जादा खर्च शासनाने बंद केला आणि शाळांना सांगितलं, हवं असेल तर लोकसहभागातून जमवा. तेरा हजार किलोमीटर लांब आले तरी तीच फाइल, फक्त शर्टावर फुलं आहेत.

तुमच्या ऑफिसातून फोनवर (एकदाच लागला) सांगितलं गेलं की वॉशिंग्टनने पैसे कापले. कापलेच, मान्य. शाळांनी स्थानिक शेतकऱ्यांकडून माल घ्यावा म्हणून ठेवलेले देशभरातले ६६ कोटी डॉलर मार्च २०२५ मध्ये रद्द झाले. पण ते माल खरेदीचे पैसे होते साहेब, अंकलचा पगार त्यातून जात नव्हता. मी विचारल्यावर फोन "ट्रान्सफर" झाला आणि मग उकुलेले वाजत राहिलं.

बरं तुमच्या राज्याचे स्वतःचे कायदे तरी बघा. राज्यघटनेत १९७८ साली कलम घातलंय, दहावा भाग, चौथं कलम: सरकारी शाळांत हवाईयन भाषा, संस्कृती, इतिहास शिकवायचा आणि त्यासाठी समाजातल्या जाणत्या लोकांचा उपयोग करून घ्यायला उत्तेजन द्यायचं. उत्तेजन द्यायचं असं लिहिलंय, फुकट राबवायचं असं नाही. मग २०२१ चा कायदा, २०३० पर्यंत शाळेच्या जेवणातलं ३० टक्के अन्न इथलंच असेल. मी शेवटचा आकडा वाचला तेव्हा तो एक आकडीच होता. दिवसाला लाखभर जेवणं करणारं खातं, बेटावरचं ८५-९० टक्के अन्न बोटीने येतं, एक वादळ आलं आणि बंदर बंद पडलं की आठवडाभरात दुकानांची फळ्या-कपाटं रिकामी, आणि आम्ही पोरांना उगवायला शिकवतोय तर निधी नाही. २०१५ साली राज्याच्या शिक्षण बोर्डाने "ना होपेना आओ" म्हणून धोरण आणलं, आपलेपण, जबाबदारी, अलोहा वगैरे सहा गोष्टी मुलांच्या अंगी याव्यात म्हणून. फार सुंदर आहे. त्याचं पोस्टर आमच्या शाळेच्या ऑफिसात लॅमिनेट करून लावलंय, हवा दमट असते ना.

मी एक ढोबळ हिशोब केला. राज्याच्या २५८ च्या आसपास शाळा, प्रत्येक शाळेला एक बागशिक्षक, पगार पन्नास-साठ हजार डॉलर धरा (पगारपत्रक मी बघितलेलं नाही, तुम्ही दाखवत असाल तर बघते), दीड कोटी डॉलर. शिक्षणाचं बजेट दोनशे कोटीच्या वर. एक टक्काही होत नाही.

आणि जमीन नाही, पैसा नाही हे तर मला सांगूच नका. इथून सॅडल रोडने बेटाच्या पलीकडच्या कोनाला जाताना पोहाकुलोआ हा लष्कराचा सरावाचा तळ लागतो. तिथली सुमारे २३ हजार एकर सरकारी जमीन १९६४ साली लष्कराला ६५ वर्षांसाठी दिली. किती भाडं? एक डॉलर. वर्षाला नाही हो, सगळ्या ६५ वर्षांचा मिळून एक. २०२९ ला करार संपतोय तर आता वाटाघाटी, सुनावण्या, हजारो पानांचे अहवाल, सगळ्याला माणसं आणि पैसा आहे. मौनाकेआचा माथा १९६८ पासून दुर्बिणींसाठी नाममात्र भाड्यावर. हो, माझ्या नवऱ्याचा पगार त्याच डोंगरावरून येतो, तीस मीटरच्या नव्या दुर्बिणीत भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही खगोलसंस्था त्यात आहे, त्याचा मलाही अभिमान वाटायचा. पण २०१९ च्या जुलैमध्ये त्या दुर्बिणीला विरोध म्हणून डोंगराच्या रस्त्यावर खुर्च्या टाकून बसलेल्या तीसेक कुपुनांना पोलिसांनी उचलून नेताना बघितलं आणि त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. आकाश बघायला जागा मिळते, तोफा उडवायला मिळते, पोरांच्या अळूला नळ मिळत नाही.

१८९३ ला हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून उतरवलं, १८९६ ला शाळांचं माध्यम इंग्रजी केलं, पोरांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार बसायचा हे इथले म्हातारे अजून सांगतात. ओढ्यांचं पाणी ऊसवाल्यांनी वळवलं, कालोच्या लोई, म्हणजे पाण्याचे वाफे, कोरड्या पडल्या. ऊसही गेला, शेवटची मिल २०१६ ला बंद, मागे राहिलं परदेशी गवत, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये माउई बेटावरच्या लाहाइनात तेच गवत पेटलं, शंभरावर माणसं गेली. राणीला उतरवल्याबद्दल १९९३ ला अमेरिकेच्या काँग्रेसने माफीसुद्धा मागितली, रीतसर ठराव करून. माफी फुकट असते. १९८४ ला काउआई बेटावर पहिली हवाईयन भाषेची बालवाडी सुरू झाली ती आईबापांच्या हट्टाने, सरकार मागाहून आलं, फोटो काढायला. तुमच्या खात्याची ती परंपराच दिसते.

मला पत्राचं उत्तर नको, भाषण नको, आणि पुढच्या कालो काढणीला कृपा करून येऊ नका, आम्हाला पुठ्ठे परत गोळा करावे लागतात. अंकलचं पद निदान तीन वर्षांसाठी लेखी मंजूर करा, एकेका सत्राची भीक नको. पाण्याच्या लाइनचा अर्ज कुणाच्या टेबलावर पडलाय त्याचं नाव कळवा, बाकी मी बघते. आणि बोर्डाच्या सभा कामाच्या दिवशी भर दुपारी होनोलुलूत घेऊन वर "लोक बोलायला येत नाहीत" असं म्हणणं थांबवा, विमानाचं तिकीट काय भावाने आहे ते एकदा स्वतःच्या खिशातून काढून बघा. पुढच्या सभेत दोन मिनिटं मिळतात असं ऐकलंय. मी नाव नोंदवलंय, आणि माझ्यामागे ट्रकवाल्या भावानेही, आणि खुर्ची टाकून बसणाऱ्या आजीनेही. ती दोन मिनिटांत थांबत नाही हे आधीच सांगून ठेवते.

आपली,
हिलोतली एक आई