गाडीने सूर धरलाय

फोंडा, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

पत्र नाही, फोन नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर नंतर घाल. तुझ्या गाडीने सूर धरलाय. 'तुझ्या' म्हटलं की तू चिडणार, पण आर.सी.वरचं नाव बदललं म्हणून गाडीच्या खोडी बदलत नाहीत. आणि मित्राकडून तू पैसे जरा जास्तच घेतलेस, हे मी अजूनही म्हणतो.

ओल्ड गोवा सोडून कदंब बायपासला लागलो आणि काटा पन्नासवर गेला की खालून 'ऊंऽऽऽ' सुरू. वेग वाढेल तसा सूर चढतो, ऐंशीला तर आरडाओरडा करून बोलावं लागतं. हिला विचारलं तर म्हणे, कसला आवाज, एसी वाढवा. पोरगा कानात बोंडं घालून बसलेला. पप्पांचं तर विचारूच नकोस. मला वाटायला लागलं, माझ्याच कानात वाजतंय. तेव्हा तू आठवलास. सप्ताहात पेटी कणभर उतरली तर मान वर करणारा तू एकटाच.

मग बसलो शोधत. रस्ता मोकळा बघून साठला गियर न्यूट्रलला टाकला. इंजिन खाली आलं, ऊं तसाच. त्याच साठला चौथ्यातून तिसऱ्यात आणली, इंजिन किंचाळलं, पण सुराने जागा सोडली नाही. म्हणजे इंजिन सुटलं, सायलेन्सर सुटला. (अनमोडच्या घाटात सायलेन्सर लोंबायला लागला तेव्हा 'इंजिन गेलं' असं शपथेवर कोण सांगत होतं, ते मी विसरलेलो नाही.) जे काही आहे ते चाकांबरोबर फिरतंय.

मेस्त्री न बघताच म्हणाला, टायर. त्याचंही चूक नव्हतं, टायर लाटांसारखा झिजला की असाच गुणगुणतो. पण टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो आणि आमचा ऊं नव्या झुआरी पुलावरही तोच, भोमच्या खडबडीतही तोच. तरी पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून घेतले. आवाज पुढेच राहिला. मग मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हळूच डावीकडे घेतलं तर ऊं वाढला, उजवीकडे घेतलं तर जवळजवळ गप्प. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. पुढचं उजवं!

जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं तर ढिलं लागेना, मेस्त्री माझ्याकडे बघून हसला. म्हटलं, थांब. एक हात स्प्रिंगवर ठेवला, दुसऱ्याने चाक फिरवलं. दिन्या, बोटांना सरळ कळतं रे, बारीक खरखर, स्प्रिंगमधून वर येणारी. डावीकडे तसंच करून बघितलं तर काही नाही. मेस्त्रीने हात लावला आणि हसायचा थांबला. व्हील बेअरिंग, ज्याच्या गोळ्यांवर चाक फिरतं ते.

उद्या पणजीहून आणायचं. ठोकून बसवायचं नाही, प्रेसवरच, हे बजावलंय. आणि एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची रिंग असते, ती एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरकडेच यायला हवी, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागून बसेल. मेस्त्री म्हणतो, डावंही बदलून टाका. मी म्हणतो, न वाजणाऱ्याला कशाला उघडायचं? तुझं काय मत?

माझी साखर आहे तशीच. आईचा गुडघा ठीक. तुझ्या धाकटीने दहावीत नाव काढलं ते कळलं, तिला शाबासकी सांग. नवीन घराची वास्तुशांत कधी? वहिनींना नमस्कार, चतुर्थीला बेळगावहून चोर्ल्यानेच या, नेवऱ्या तयार असतील.

आता मुद्द्याचं. बेअरिंग असं का जातं? एक खड्डे, ते तर आपले हक्काचे. दुसरं पाणी. सीलमधून आत शिरलं की ग्रीस जातं, गोळ्या गंजतात, आणि मग वाजायला सुरुवात. साखळी गावच्या बाजारात पाणी भरलं होतं त्या वर्षी तू ही गाडी तिथून बाहेर काढलीस. मला विकताना म्हणालास, 'फक्त टायर भिजले.' आता खरं सांग, पाणी कुठवर होतं? खरं सांगितलंस तर अर्धा खर्च तुझा. खोटं सांगितलंस तर सगळा.

तुझाच,
बाब्या