पार्किंग वाढवण्याआधी एकदा मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान महाविद्यालयात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून विद्यार्थी कुरकुरू लागले की व्यवस्थापनाचे लक्ष आधी खेळाच्या मैदानाकडे जाते. मैदानाचा बळी देण्याआधी एक बिनखर्चाचे काम करून पाहावे. ते काम म्हणजे मोजणी. बहुतेक ठिकाणी ती कधी झालेलीच नसते.

त्यासाठी एक आठवडा पुरतो. पहिल्या तासिकेपासून शेवटचे प्रात्यक्षिक सुटेपर्यंत दर तासाला दोघांनी आवारात फेरी मारायची आणि चारचाकी किती, दुचाकी किती, रेषेबाहेर किती, प्राध्यापकांच्या राखीव जागांपैकी रिकाम्या किती, एवढेच टिपून ठेवायचे. सत्राचा पहिला पंधरवडा आणि परीक्षेचे दिवस वगळावेत. ती गर्दी नेहमीची नसते. तक्ता भरला की बऱ्याचदा असे दिसते की खरी कोंडी दिवसातून तास-दीड तासाचीच आहे. सकाळची तुकडी सुटते आणि दुपारची येते, ती ही वेळ. सुटलेली मुले काही घंटा वाजताच गाडीला किल्ली लावत नाहीत. कॅन्टीन, ग्रंथालय, फाटकाजवळच्या गप्पा यांत वीस मिनिटे सहज जातात आणि तेवढा वेळ दोन्ही तुकड्यांच्या गाड्या आत असतात. वेळापत्रकात दोन तुकड्यांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर टाकले, तर ही कोंडी एक वीटही न लावता बरीच हलकी होते. याच तक्त्यावरून राखीव जागा किती वाजल्यापासून सगळ्यांना खुल्या करता येतील, हेही ठरते.

आता आखणी. एका चारचाकीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. गाडी रस्त्याला काटकोनात लावायची असेल, तर मधला रस्ता सहा मीटरचा हवा. म्हणजे दोन रांगा आणि मधला रस्ता मिळून सोळा मीटर. गफलत इथेच होते. जागा चौदा-साडेचौदा मीटर रुंद असते, तरी पट्टे काटकोनातच मारले जातात. मग गाडी एका दमात आत जात नाही, दोनदा मागेपुढे करावी लागते, मागचे भोंगे वाजवतात आणि कोणीतरी वैतागून दोन पट्ट्यांवर तिरकी लावून निघून जाते. इतक्याच रुंदीत ४५ अंशांच्या तिरक्या रेषा मारल्या, तर रस्ता पावणेचार मीटरचा चालतो. मात्र वाहतूक एकेरी ठेवावी लागते, कारण उलट्या बाजूने आलेल्याला त्या जागेत वळताच येत नाही. जमिनीवर मोठे बाण हवेत. भिंतीवरची पाटी कोणी वाचत नाही. तिरक्या आखणीत गाड्याही कमी मावतात. ४० मीटरच्या रांगेत काटकोनात १६ बसतात, तिथे ४५ अंशांत १०. त्यामुळे रुंदी पुरेशी असेल, तर काटकोनच बरा. बंद टोकाच्या रांगेत शेवटच्या जागेपलीकडे रस्ता मीटरभर पुढे मोकळा सोडावा, नाहीतर तिथली गाडी निघताना अडकते.

दुचाक्यांचा विचार मात्र कोणी करत नाही, आणि आवारात जास्त असतात त्याच. ‘दुचाकी पार्किंग’ अशी पाटी लावून मोकळे मैदान सोडून दिले की पहिला येणारा मधोमध लावतो आणि बाकीचे त्याला वेढा घालतात. मध्ये लावणाऱ्याला दुपारी आठ गाड्या सरकवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. एका दुचाकीला दोन मीटर लांबी आणि, साइड स्टँडवर ती डावीकडे कलते म्हणून, ऐंशी सेंटीमीटर रुंदी धरावी. दर रांगेला निदान एका बाजूने दीड-दोन मीटरची वाट हवीच. एका चारचाकीच्या जागेत शेजारी शेजारी तीन दुचाक्या बसतात. दोन्ही टोकांना वाट असेल, तर सहा. मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात साइड स्टँड रुततो, एक गाडी पडते आणि तिच्यामागे अख्खी रांग. स्टँड टेकतो त्या रेषेत काँक्रीटची अरुंद पट्टी ओतली, तर हे थांबते. उतार असेल, तर पुढचे चाक चढाकडे ठेवायची सवय लावावी. तोंड उताराकडे असले की गाडी पुढे सरकून स्टँड आपोआप मिटू शकतो.

परवान्यांचे गणित वेगळेच बिघडते. जागा ६० म्हणून परवाने ६० दिले, तर जागा रिकाम्या राहतात, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत. मागेल त्याला दिले, तर परवान्याला अर्थ उरत नाही. गर्दीच्या तासाला परवानाधारकांपैकी किती जण हजर असतात, ते मोजणीत पाहावे. समजा १०० पैकी ७० असतात. ६० पैकी ५४ जागाच भरायच्या ठरवल्या, तर परवाने ७७ होतात. दहातली एक जागा मोकळी ठेवणे ही उधळपट्टी नव्हे. सगळ्या जागा भरल्या की शेवटच्या जागेच्या शोधात गाड्या घिरट्या घालतात, आणि बरीच गर्दी त्यांचीच असते.

फाटकावर प्रत्येकाचे ओळखपत्र पाहायला दहा सेकंद लागले, तर मिनिटाला सहाच गाड्या आत जातात आणि रांग रस्त्यावर येते. स्टिकर काचेवर किंवा हेडलाइटजवळ लावून तपासणी आत, गाड्या उभ्या असताना करावी. वाट अडवणाऱ्या गाडीला चाककुलूप लावणे तर अजब शिक्षा आहे: अडवणारी गाडी अडवण्याच्याच जागी आणखी चार तास उभी राहते! पहिल्यांदा लेखी समज आणि तिसऱ्यांदा सत्रापुरता परवाना रद्द, एवढे पुरते.

दोन गोष्टींत तडजोड नको. अपंग विद्यार्थ्यांची जागा इमारतीच्या दाराजवळ, सपाटीवर आणि ३.६ मीटर रुंद हवी. व्हीलचेअर गाडीच्या बाजूला उतरवायला जास्तीची रुंदी लागते. आणि अग्निशमन बंब ज्या वाटेने येणार, ती पूर्ण रुंदीने कायम मोकळी हवी. तिथे ‘पाचच मिनिटे’सुद्धा नाहीत.

रंगाचा डबा आणण्याआधी सगळी आखणी चुन्याने करून आठवडाभर चालवून पाहावी. कुठली गाडी कुठे अडते ते दोन दिवसांत कळते, आणि चुना पुसता येतो.

– एक नियमित वाचक