सभा आणि बागेची सफाई, दोन्हीला या

मंडळी, नगरपालिकेच्या सभेचा अजेंडा नोटीस बोर्डावर लागलाय, पाणीपट्टी वाढीचा विषय शेवटून दुसरा ठेवलाय म्हणजे बरोबर सगळे कंटाळून उठायच्या वेळेला, तेव्हा मधेच निघू नका. हरकत नुसती तोंडी सांगून उपयोग नाही, लेखीच द्या, दोन प्रती काढा अन् आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्याच, नाहीतर मागच्यासारखं "अर्ज मिळालाच नाही" ऐकावं लागेल. रविवारी सकाळी ७ ला बागेची सफाई, झाडू-हातमोजे घरूनच आणा, मागच्या वेळी १४ माणसं आणि झाडू ३, उरलेले फोटो काढत बसले. रक्तदानाला नाव दिलेल्यांनी उपाशीपोटी येऊ नका प्लीज, पाणी भरपूर पिऊन या. येणार असाल तर इथेच हो टाका, नुसता अंगठा नको.