पट्टीवरचे चार आकडे

काका,

कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या दुकानातून माशांच्या टँकमधल्या पाणवनस्पतींसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर भरून आणला त्याला तीन आठवडे झाले. कार्डिनल टेट्रा मासे दिवसभर टँकच्या मधल्या थरात फिरतायत, एकही वर येऊन तोंड मारत नाही. दुपारी मोंटे कार्लो या पाणवनस्पतीच्या पानापानावर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे धरतात. तुमचे आभार उघडपणे मानतोय, कारण सांगली-मिरजेत प्लांटेड टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

याआधी ज्यांनी सिलिंडर भरून दिला, त्यांनी दाबाचा काटा ६० बारच्या पुढे गेलेला दाखवला, ‘फुल आहे’ म्हणाले आणि २ किलोचे पैसे घेतले. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर काटा तिथेच उभा राहतो. २ किलो असो की १ किलो, दाब ठरतो तो तापमानावर. गॅस विकणाऱ्याला हे ठाऊक नसणं वाईट, आणि ठाऊक असून गप्प बसणं त्याहून वाईट. वर रेग्युलेटरच्या (गॅसचा दाब कमी करणाऱ्या यंत्राच्या) नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्यानं करकचून आवळून दिलं. तिथलं सील आट्यांवर होतच नाही, ते होतं आतल्या नायलॉन वॉशरवर. वॉशर चेपलेला असेल तर टेपचे दहा वेढे दिले तरी गॅस जाणारच.

तुम्ही टेप खरवडून काढलीत, नवा वॉशर बसवलात, ब्रशनं साबणाचं पाणी लावलंत आणि फुगा येत नाही हे पाहूनच हात पुसलेत. सिलिंडर ३ लिटरचा, त्यात २ किलोच्या वर भरायला तुम्ही साफ नकार दिलात. “उन्हाळा हाय, जास्त मागू नका.” बरोबरच होतं. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहत नाही, आणि जादा भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्यानं चढतो. सांगलीचा एप्रिल चाळिशीला जातो.

पण मनात राहिली ती कागदी टेपची पट्टी. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेलं वजन तुम्ही ओल्या फडक्यानं पुसून वाचलंत, तरी रिकामा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवलात. रेग्युलेटर वेगळा तोललात. मग मार्करनं पट्टीवर लिहिलंत: रिकामा ५.४ किलो, भरलेला ७.४, रेग्युलेटर ०.९, ‘६.५ ला या’. कुणी मागितलं नव्हतं. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

या चार आकड्यांत सगळं आलं. रेग्युलेटरसकट लटकवायच्या काट्यावर तोलायचं, ०.९ वजा करायचे. जोड उघडायला नको, वॉशर खराब व्हायला नको. आणि ६.५ ला पुन्हा भरायला का यायचं, तर खोलीच्या उष्णतेनुसार पाऊण ते एक किलो उरतो तेव्हाच द्रव संपतो आणि दाबाचा काटा उतरायला लागतो. साध्या, एका टप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये आतला दाब पडला की बाहेरचा उलट वाढतो, टँकमध्ये सेकंदाला एक जाणारा गॅसचा बुडबुडा सलग धार होतो. पाण्यातला सीओटू रंगानं दाखवणारा ड्रॉप चेकर हिरव्याचा पिवळा व्हायला तास-दोन तास घेतो, मासे तेवढे थांबत नाहीत, गुदमरतात. रात्रीत अख्खा टँक जातो तो असा.

समोरच्याच्या घरात पुढे काय होईल याचा विचार करून काम करणारी माणसं अजून पेठेत आहेत, गॅरेजात आहेत, पिठाच्या गिरणीतही आहेत. त्यांच्या दुकानाला मोठी पाटी नसते. तुमच्याही नाही. म्हणून हे लिहिणं भाग होतं.

सिलिकॉनची नळी काढून तुम्ही सांगितलेली पॉलियुरेथेनची घातली आहे. सिलिकॉनच्या भिंतीतूनच सीओटू झिरपतो. सिलिंडर उभाच आहे, साखळीनं स्टँडला बांधलाय. काल वजन केलं, रेग्युलेटर वजा जाता ७.२ भरलं. पट्टीवरची शाई पुसट होऊ नये म्हणून वर पारदर्शक टेप लावली आहे. ६.५ ला येतो.